जैनाबादच्या ओट्यावरचा एकटा वाघ

मंडळी, बुऱ्हाणपूरचा विषय निघाला की मावा-जिलबी, दराबा आणि राजघाट एवढ्यावर आपल्या गप्पा संपतात. तापी ओलांडून जैनाबादला कोणी येत नाही. खरं तर दोन्ही गावं जोडीचीच. फारुकी सुलतान नासिर खानाने एकाला शेख बुऱ्हाणुद्दीन आणि दुसऱ्याला शेख जैनुद्दीन, या खुलदाबादच्या दोन सूफींची नावं दिली. जैनाबादेत आहूखाना आहे. आहू म्हणजे फारसीत हरीण. मोगलांचं शिकारीचं राखीव रान ते. १७ जून १६३१ ला मुमताज बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आधी इथेच पुरली आणि डिसेंबरात आग्र्याला नेली. हे बहुतेकांना ठाऊक असतं. मला लिहायचंय ते आमच्या जैनाबादच्या ओट्यावरच्या वाघ-बकरीबद्दल.

कोळशाने आखलेला पट, पंचवीस ठिकाणं. बकऱ्या म्हणजे चिंचोके, वाघ म्हणजे एक गोटी. याच पटावर नेपाळात बाघचाल खेळतात, चार वाघ आणि वीस बकऱ्या. तमिळनाडूत त्रिकोणी पटावर तीन वाघ, पंधरा बकऱ्या. आमच्या आईचा वाघ मात्र एकटा. बकरीच्या पलीकडचं घर रिकामं असलं की तो उडी मारून तिला खातो. पाठीला दुसरी बकरी असली की काही करू शकत नाही. बकऱ्या त्याला मारत नाहीत, कोंडतात. हलायला जागा उरली नाही की वाघ हरला.

माझा पुतण्या पुण्यात असतो आणि मित्रांना जमवून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला हा खेळ. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, घाव लागला की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. पोराने महिनाभर खपून एक ड्रॅगन तयार केला आणि पाच वीरांनी तो चहा गार व्हायच्या आत लोळवला. पुढच्या वेळी त्याने ड्रॅगनचे प्राण दुप्पट केले. लढाई दुप्पट लांबली, एवढंच. दोघं जण मोबाईल बघत बसले. मंडळी येईनाशी होतील अशी त्याला धास्ती.

दिवाळीत हे रडगाणं आईने ऐकलं. म्हणाली, "अरे पोऱ्या, त्या जनावराची पाळी कव्हा येते?"

सगळी गोम इथेच होती. पाच वीरांच्या पाच पाळ्या झाल्यावर ड्रॅगनची एक. वाघ-बकरीत बकऱ्या डझनभर असोत, एक बकरी हलली की लगेच वाघ हलतो. म्हणून एकटा असूनही तो सगळ्या पटाला पुरून उरतो. त्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बड्या राक्षसांना 'लेजेंडरी ॲक्शन' दिल्या आहेत: दुसऱ्याची पाळी संपली की राक्षसाने मध्येच काहीतरी करायचं, एका फेरीत साधारण तीनदा. पुतण्याने ते वाचलं होतं, पण उगाच किचकट म्हणून सोडून दिलं होतं! आमच्या ओट्यावर ते पोरंसोरं खेळत होती.

दुसरी गोष्ट जागेची. मोगलांची कमरगाह शिकार अशीच चाले. हाकारे मोठं रिंगण धरत आणि ते आवळत आणत. अकबराची १५६७ ची लाहोरजवळची प्रसिद्ध आहे. जोर जनावराला जखमी करण्यावर नाही, त्याची वाट कमी करण्यावर. आई तेच करायची, शिवाय खेळणारा बघून बकऱ्यांची संख्या बदलायची. धाकटी बहीण बकऱ्या घेऊन बसली की दोन चिंचोके जास्त. थोरला बसला की दोन काढून घ्यायची. वाघाला ती कधी हात लावत नसे.

पुतण्याने पुढचा ड्रॅगन पडक्या किल्ल्यात ठेवला. बाहेर पडायला चार वाटा, त्या बंद करायला वीरांनी वाटून घ्यायचं, आणि प्रत्येक वीरानंतर ड्रॅगनचा एखादा झपाटा. दोन वीर गारद झाले, लढाई मध्यरात्रीपर्यंत चालली, मोबाईल कोणी काढला नाही म्हणे.

आईला तरी ते पटलेलं नाही. "वाघ उडाया लागला तर बकऱ्यांनी त्याला कोंडावं कसं?" पुतण्या म्हणतो, जाळी आहे ना. यावर दोघांचं अजून भांडण चालू आहे.