प्रूफ नाणेसंचांचे मूळ वेष्टन : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

प्रस्तावना :
इतिहासाच्या भौतिक साधनांमध्ये नाण्यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. मात्र नाणे कोणत्या अवस्थेत व कशासोबत मिळाले, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. मेढा परिसराशी निगडित उदाहरण यासाठी बोलके आहे. इ. स. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली. पुढे १६७४ मधील राज्याभिषेकानंतर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली तांब्याची शिवराई प्रचारात आली. महाराजांच्या पश्चातही शिवराई दीर्घकाळ पाडली जात होती. त्यामुळे सुटी सापडलेली शिवराई नेमकी कोणत्या काळातील, हे ठरविणे कठीण जाते. तीच शिवराई हंड्यात अन्य नाण्यांसह मिळाल्यास सोबतची नाणी कालनिश्चितीस साहाय्य करतात. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानेही निधी सापडल्याचे ठिकाण व दिनांक कळविणे आवश्यक मानले आहे. हाच न्याय स्वातंत्र्योत्तर काळातील प्रूफ नाणेसंचांना लागू पडतो. हंड्याचे जे स्थान, तेच येथे मूळ वेष्टनाचे होय.

प्रूफ संचांचे स्वरूप :
प्रूफ नाणे हे व्यवहारासाठी नसते. चकचकीत केलेल्या ठशांनी, निवडक कोऱ्या चकत्यांवर, एकाहून अधिक वेळा दाब देऊन ते पाडले जाते. त्यामुळे त्याची पार्श्वभूमी आरशासारखी दिसते. मुंबई टांकसाळीने १९५० मध्ये प्रजासत्ताकाच्या नव्या नाण्यांचा असा सात नाण्यांचा संच काढला. १९६९ मध्ये महात्मा गांधी जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया व दहा रुपये अशी नाणी निघाली. त्यांतील दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे व ८० टक्के चांदीचे होते. १९७० पासून अन्न व कृषी संघटनेच्या विषयांवरील नाणी आली. १९७४ मध्ये ‘नियोजित कुटुंब, सर्वांसाठी अन्न’ या विषयावर पन्नास रुपयांचे नाणे निघाले. टांकसाळीच्या प्रूफ नाण्यांवर पूर्वी ‘बी’ हे अक्षर असे. १९९६ पासून ‘एम’ हे अक्षर येऊ लागले.

वेष्टनाचे साधनमूल्य :
अक्षरचिन्हावरून टांकसाळ कळते, परंतु संचाची रचना कळत नाही. १९७४ चे पन्नास रुपयांचे नाणे लहान व मोठ्या अशा दोन्ही प्रकारच्या संचांत समाविष्ट होते. वेष्टनातून बाहेर काढलेले नाणे यांपैकी कोणत्या संचातील, हे स्वतः सांगू शकत नाही. शासनाने कोणती नाणी एकत्र मांडली, प्रसंगाचे वर्णन कोणत्या शब्दांत केले आणि कोणता ग्राहक डोळ्यांसमोर ठेवला, याची साक्ष चौकट, पुठ्ठ्याचे आवरण व त्यावरील मजकूर देतात. अन्नटंचाई व कुटुंबनियोजन हे विषय चांदीच्या संग्राह्य नाण्यावर यावेत, ही बाब त्या दशकातील धोरणांच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

जतनातील पेच :
मूळ वेष्टन हे नेहमीच नाण्याचे रक्षण करते असे नाही. पीव्हीसी प्रकारचे मऊ प्लॅस्टिक कालांतराने विघटित होते व तांबेमिश्रित नाण्यांवर हिरवट चिकट थर चढतो. काही पुठ्ठे, फोम व कापडी अस्तरे यांतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते. जावळी खोऱ्यातील दीर्घ पावसाळा व दमट हवा ही प्रक्रिया वेगाने घडवून आणते. वेष्टन टाकून दिल्यास पुरावा नष्ट होतो. नाणे त्यातच ठेवल्यास नाणे बिघडते.

यावर व्यवहार्य मार्ग असा, की संच उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, नाण्यांचा क्रम नोंदवावा, वेष्टनास हानी न करता नाणी काढता येत असल्यास ती पॉलिएस्टरच्या आवरणात ठेवावीत आणि वेष्टन त्याच नोंदक्रमांकाने स्वतंत्रपणे जपावे. नाणे घासून स्वच्छ करू नये. त्यामुळे आरशासारखा पृष्ठभाग कायमचा जातो.

समारोप :
शिवराईच्या बाबतीत असंख्य हंडे फुटले व नाणी विखुरली. ती हानी आता भरून येणारी नाही. प्रूफ संच मात्र अद्याप घराघरांतून व महाविद्यालयीन संग्रहांतून मूळ रूपात आढळतात. इतिहास विभागांनी नाण्यांबरोबर त्यांच्या डब्यांचीही संग्रहनोंदवहीत नोंद घेतल्यास पुढील अभ्यासकांना तोच प्रश्न नव्याने सोडवावा लागणार नाही.