कडेवरचे मूल आणि हजची वाट

हजयात्रेतील 'सई' हा विधी म्हणजे मक्केतील सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा घातलेली फेरी. इस्लामी परंपरेनुसार या विधीचे मूळ एका तान्ह्या मुलाच्या तहानेत आहे. हजरत इब्राहिम यांनी ईश्वरी आज्ञेनुसार पत्नी हाजरा आणि तान्हा इस्माईल यांना या निर्जल खोऱ्यात ठेवले. जवळचे पाणी संपले, बाळ तहानेने व्याकूळ झाले आणि ही माता पाण्याच्या शोधात दोन टेकड्यांमध्ये धावत राहिली. अखेर बाळाजवळच जमजमचा झरा फुटला. दरवर्षी लाखो यात्रेकरू त्या धावेचे स्मरण करीत ही वाट चालतात. मात्र, आज एखाद्या दांपत्याला दीड-दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन हजला जावयाचे असेल, तर धर्मशास्त्र, सौदी अरेबियाचे नियम आणि बालआरोग्य या तिन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. या तिहींची उत्तरे एकसारखी नाहीत.

धर्मशास्त्राची भूमिका

हज हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. वयात आलेल्या, सुबुद्ध आणि शारीरिक व आर्थिक ऐपत असलेल्या प्रत्येक मुस्लिमावर तो आयुष्यात एकदा फर्ज, म्हणजे अनिवार्य आहे. लहान मुलावर ही जबाबदारी नाही. तथापि मुलाला सोबत नेल्यास त्याचा हज ग्राह्य धरला जातो. एका स्त्रीने आपले मूल उंच धरून 'याचाही हज होतो का', असे प्रेषित मुहम्मद पैगंबरांना विचारले होते. त्यांनी होकार दिला आणि त्याचे पुण्य तिलाही मिळेल असे सांगितले, अशी नोंद हदीसमध्ये आहे.

पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या वेळी, म्हणजे इ. स. ६३२ मध्ये, मदिनेबाहेरील जुल-हुलैफा येथे अस्मा बिन्त उमैस यांनी पुत्राला जन्म दिला. त्यांना स्नान करून एहराम बांधण्यास सांगण्यात आले आणि त्यांची यात्रा पुढे चालू राहिली. साइब इब्न यजीद यांना वयाच्या सातव्या वर्षी याच हजला नेण्यात आले होते. मुलांना सोबत नेण्याची प्रथा अशी इस्लामच्या आरंभकाळापासूनची आहे.

परंतु या मुभेला एक महत्त्वाची मर्यादा आहे. बालपणी केलेला हज नफिल, म्हणजे ऐच्छिक मानला जातो. मूल मोठे झाल्यावर ऐपत असल्यास त्याला फर्ज हज स्वतः करावाच लागतो. साहजिकच, मुलाला घरी ठेवले म्हणून त्याचे वा पालकांचे कोणतेही धर्मकर्तव्य चुकत नाही. मुलाला सांभाळण्यास विश्वासू व्यक्तीच नसेल, तर आईने यात्रा पुढे ढकलण्यास ते सबळ कारण आहे, असे अनेक उलेमा मानतात.

मुलाचे विधी कसे होतात?

अजाण मुलाच्या वतीने पालक निय्यत, म्हणजे संकल्प करतात. मुलग्याला शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रे गुंडाळली जातात. मुलीला नेहमीचे कपडे चालतात. लंगोट किंवा डायपर गरज म्हणून वापरण्यास उलेमा परवानगी देतात. एहरामच्या अवस्थेत सुगंध वर्ज्य असल्याने बाळाची पावडर, साबण आणि ओले पुसणे हे सारे बिनवासाचे घ्यावे लागते, ही बाब अनेकदा ऐनवेळी लक्षात येते.

काबागृहाभोवतीचे सात तवाफ आणि सई मुलाला उचलून करविता येतात. जमरातच्या स्तंभांना खडे मारण्याचा विधी पालक स्वतःचे खडे मारून झाल्यावर मुलाच्या वतीने करतात. अरफातच्या मैदानातील उपस्थिती मात्र दुसऱ्याने भरून काढता येत नाही. तेथे मुलाला प्रत्यक्ष न्यावेच लागते.

काही बाबतींत पंथनिहाय मतभेद आहेत. मुलाकडून एहरामच्या नियमांचा भंग झाल्यास हनफी मतानुसार प्रायश्चित्त लागत नाही. शाफई मतानुसार काही भंगांबद्दल पालकांना फिदिया द्यावा लागू शकतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुस्लिम हनफी असले, तरी कोकणी मुस्लिम समाज शाफई परंपरेतील आहे. त्यामुळे शेजारच्या कुटुंबाचा अनुभव आपल्याला तंतोतंत लागू पडेलच असे नाही. निघण्यापूर्वी आपल्या पंथाच्या जाणकाराला विचारून घेणे इष्ट. मुलाने एहराम बांधलाच पाहिजे असेही बंधन नाही; ते केवळ सोबती म्हणूनही येऊ शकते.

नियमांतील बदल

मुंबई बंदरातून जेद्दाहला जाणारी यात्रेकरूंची जहाजे १९९५ पर्यंत चालू होती. कित्येक दिवसांच्या त्या प्रवासात मुलेबाळेही असत. विमानप्रवासाच्या काळातही, मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय हज समितीच्या अर्जात दोन वर्षांखालील मुलांची नोंद करण्याची सोय अनेक वर्षे होती.

२०२५ मध्ये हे चित्र बदलले. गर्दीतील धोके लक्षात घेऊन सौदी अरेबियाच्या हज व उमरा मंत्रालयाने त्या वर्षीच्या हजसाठी यात्रेकरूंसोबत मुले आणण्यास मनाई केली. त्याला अनुसरून भारतीय हज समितीनेही १२ वर्षांखालील मुलांना पाठविता येणार नसल्याचे जाहीर केले. हे नियम दरवर्षी नव्याने घोषित होतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी, पैसे गुंतविण्यापूर्वी आणि मुलाचा पासपोर्ट काढण्यापूर्वी त्या वर्षीची वयोमर्यादा तपासणे ही पहिली पायरी होय. मागील वर्षीच्या यात्रेकरूचे म्हणणे किंवा एखाद्या टूर चालकाचे तोंडी आश्वासन यावर विसंबून राहू नये.

गर्दी आणि ऊन

या निर्बंधांमागे कटू अनुभव आहेत. जानेवारी २००६ मध्ये जमरातजवळच्या चेंगराचेंगरीत तीनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे बहुमजली पूल बांधण्यात आला. तरीही २४ सप्टेंबर २०१५ रोजी मीना येथे पुन्हा चेंगराचेंगरी झाली. सौदी सरकारने मृतांचा आकडा ७६९ दिला. विविध देशांनी दिलेल्या आकड्यांची बेरीज दोन हजारांच्या वर जाते. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंश सेल्सिअसवर गेला आणि १,३०१ यात्रेकरूंचा मृत्यू झाला. यांतील बहुतेक जण अधिकृत परवान्याविना आले होते. त्यामुळे तंबू व वातानुकूलित वाहने या सोयी त्यांना उपलब्ध नव्हत्या आणि भर उन्हात त्यांना मैलोन्‌मैल चालावे लागले.

सुदृढ प्रौढाला जे ऊन सोसवते, ते तान्ह्याला सोसवत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने शरीर लवकर तापते, शरीरातील पाण्याचा साठा थोडा असतो आणि तहान लागल्याचे त्याला सांगता येत नाही. मूल छातीशी बांधलेले असेल, तर पालकाच्या अंगाची उष्णताही त्यात भर घालते. लंगोट बराच काळ कोरडा राहणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे आणि मूल सुस्तावणे ही शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे होत. अशा वेळी विधी थांबवून सावली गाठणे, ओआरएस पाजणे आणि वैद्यकीय केंद्रात जाणे यांत विलंब करू नये.

हजचे दिवस चांद्र पंचांगानुसार दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतात. त्यामुळे येत्या काही वर्षांत हज क्रमाक्रमाने उन्हाळ्याबाहेर पडून वसंतात आणि पुढे हिवाळ्यात येईल. उन्हाचा त्रास त्यामुळे घटेल. गर्दीचा प्रश्न मात्र ऋतूवर अवलंबून नाही.

उमऱ्याचा पर्याय

मुलासह मक्केला जाण्याची ओढ असलेल्या कुटुंबांसाठी उमरा हा अधिक सुकर मार्ग आहे. उमऱ्यात एहराम, तवाफ, सई आणि केस कापणे एवढेच विधी असतात. मीनातील मुक्काम, अरफातचा दिवस आणि मुजदलिफाची उघड्यावरची रात्र त्यात नसते. तो वर्षभरात जवळजवळ केव्हाही करता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सौम्य हवामानाचे महिने त्यासाठी निवडता येतात. रमजान आणि शाळांच्या सुट्यांचा काळ मात्र गर्दीचा असतो.

तवाफ रात्री उशिरा किंवा अन्य कमी गर्दीच्या वेळी करावा. तळमजल्यावरील मताफमध्ये, म्हणजे काबागृहाभोवतीच्या प्रांगणात, बाबागाडीला मज्जाव असतो. वरच्या मजल्यांवर ती नेता येते. वरच्या मजल्यावरील फेरा मात्र बराच लांब पडतो. सईचे सात फेरे मिळून तीन किलोमीटरहून अधिक चाल होते. आई-वडिलांनी एकाच वेळी विधी करण्याऐवजी पाळीपाळीने केल्यास मूल खोलीवर निवांत झोपू शकते आणि विधीतही मन लागते. हरवलेल्या मुलाचा शोध सोपा व्हावा म्हणून त्याच्या मनगटावर पालकांचा मोबाइल क्रमांक व हॉटेलचे नाव असलेली पट्टी बांधावी.

लसीकरण व पूर्वतयारी

मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकल जंतूंवरील चौपदरी लस यात्रेकरूंना सक्तीची आहे. २००० सालच्या हजनंतर या जंतूच्या डब्ल्यू-१३५ प्रकाराची साथ अनेक देशांत पोहोचली होती. तेव्हापासून या लसीला विशेष महत्त्व आले. ती सौदी अरेबियात पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. गोवर-रुबेला, पोलिओ आदी नेहमीच्या लसी वेळापत्रकानुसार पूर्ण झाल्या आहेत का, हे बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. आजारी अथवा अकाली जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांचा सल्ला अंतिम मानावा. ताप उतरविण्याचे औषध, ओआरएसची पाकिटे आणि मुलाच्या सवयीचे कोरडे खाणे हातातील पिशवीतच ठेवावे. स्तनपान चालू असल्यास ते सोडविण्यासाठी प्रवासाचा मुहूर्त निवडू नये.

सवलतींचा अर्थ

दुर्बलांना सांभाळून घेणे ही हजच्या परंपरेतीलच गोष्ट आहे. मुजदलिफाच्या रात्री पैगंबरांनी आपल्या कुटुंबातील अशक्त मंडळींना गर्दी होण्यापूर्वीच पुढे पाठविले होते. त्यांत अब्दुल्ला इब्न अब्बास हे मुलगेही होते. नमाजच्या वेळी मुलाचे रडणे कानी पडल्यास आईची घालमेल होऊ नये म्हणून पैगंबर नमाज आटोपशीर करीत, अशीही नोंद आहे. ज्या परंपरेत मुलाच्या रडण्यासाठी सामुदायिक प्रार्थना थोडक्यात आटोपली जाते, तेथे मुलाच्या जिवासाठी त्याला आजी-आजोबांकडे ठेवून जाणे किंवा यात्रा काही वर्षे लांबविणे यात श्रद्धेची उणीव मानण्याचे कारण नाही. मुलाचा फर्ज हज त्याच्या मोठेपणी व्हावयाचाच आहे. तोवर त्याला सुखरूप वाढविणे ही पालकांची जबाबदारी होय.