दसऱ्याची गाडी आणि ‘ऑन’चे पैसे

१९७१ च्या दसऱ्याला आमच्या साताऱ्याच्या घरी नवी कोरी फियाट आली आणि त्याच दिवशी संध्याकाळी ती निघून गेली. आईने तिला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवले. आम्ही भावंडे राजवाड्यापर्यंत एक फेरी मारून आलो. दिवेलागणीला पेठेतले एक व्यापारी आले, त्यांनी वडिलांशी आतल्या खोलीत पाच मिनिटे बोलणे केले आणि गाडी घेऊन गेले. कागदोपत्री ती पुढे बरेच दिवस आमचीच होती. शेजारीपाजारी विचारत, ‘डॉक्टर, गाडी कुठाय?’ वडील म्हणत, ‘पुण्याला आहे, कामाला.’

श्रोतेहो, आज दसरा-दिवाळीत वर्तमानपत्राचे पहिले पान उघडले की सवलतीच्या जाहिराती अंगावर येतात. इतकी रोख सूट, जुनी गाडी बदलली तर वर इतका बोनस, शिवाय चांदीचे नाणे. माझ्या पिढीला याची गंमत वाटते, कारण आम्ही ज्या बाजारात वाढलो तिथे सूट हा शब्दच नव्हता. तिथे शब्द होता ‘ऑन’. छापील किमतीच्या वर, पावतीशिवाय, रोख द्यायचे पैसे म्हणजे ऑन.

हा ऑन आला कुठून? १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण ठरवले की गाडी इथेच बनवायची असेल त्यानेच राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या पन्नाशीच्या दशकात निघून गेल्या. मागे राहिल्या मुख्यतः तीन गाड्या : कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अॅम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरे, पोलाद आणि परकीय चलन मोजून मिळे. गाडी ही चैनीची वस्तू, तिच्यावर देशाचे चलन का उधळायचे, असा तो विचार होता. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण मागणी काही परवाना विचारून वाढत नाही. डॉक्टर, वकील, कंत्राटदार यांच्या रांगा लागल्या. १९५९ मध्ये गाड्यांच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम निघाला. १९६९ मध्ये तर सरकारने या तिन्ही गाड्यांच्या किमतीच ठरवून दिल्या आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

किंमत कायद्याने बांधली आणि माल तेवढाच राहिला, की वरचा फरक कोणाच्या तरी खिशात जाणारच. तो कारखान्याच्या खिशात गेला नाही, सरकारच्याही नाही. तो गेला ज्याच्या हाती नंबर होता त्याच्या खिशात.

आमचा नंबर वडिलांनी १९६३ मध्ये लावला होता. तेव्हा त्यांचा दवाखाना जोरात होता. नंबर लागेपर्यंत आठ वर्षे गेली, त्यांची तब्येत ढासळली, दवाखान्यात दुसरा डॉक्टर आला आणि धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आले. व्यापाऱ्यांनी गाडीची पूर्ण किंमत भरली आणि वर सात हजार रुपये दिले. माझे वडील खादी वापरणारे, औषधाच्या बाटलीचेही पैसे लिहून ठेवणारे. त्या सात हजारांची नोंद त्यांच्या वहीत कुठेच नाही. मी नंतर वही शोधून पाहिली आहे.

(दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, जगभर तेलाचे भाव भडकले, पेट्रोल परवडेना आणि गाडीचा ऑन घसरला. ते व्यापारी रस्त्यात भेटले की वडिलांकडे जरा रागानेच बघायचे.)

पुढची गोष्ट तुम्हांला माहीत आहे. १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली. दहा हजार रुपये अनामत होती, तरी एक लाखाहून अधिक लोकांनी ती भरली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिली. गाडी चांगली निघाली, म्हणून रांगही वाढली आणि काही वर्षे तिच्यावरही ऑन चालला. रांग खऱ्या अर्थाने मोडली ती त्यानंतर दहा वर्षांनी. १९९३ मध्ये मोटारधंद्यावरचा परवाना उठला आणि १९९८ हे एकच वर्ष असे आले की सँट्रो, मॅटिझ आणि आपल्या पुण्याच्या पिंपरीची इंडिका काही महिन्यांच्या अंतराने बाजारात उतरल्या. इंडिका येणार म्हणताच मारुतीने त्या डिसेंबरात आपल्या किमती उतरवल्या. गाडीची किंमत उतरते, ही गोष्ट मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रथम वाचली.

मी तेव्हा बँकेत कर्जखात्यात होतो. वाहनकर्जाची कोटेशने रोज टेबलावरून जात. त्यामुळे सणाची सूट कशी जन्माला येते हे मला आतून बघायला मिळाले. लोकांना वाटते की दसऱ्याला लक्ष्मी प्रसन्न होते म्हणून विक्रेता उदार होतो. तसे काही नसते. विक्रेत्याने कंपनीकडून गाड्या उचललेल्या असतात, त्या बँकेच्या पैशावर. गाडी आवारात उभी राहिली की व्याज चालू. कंपनीने महिन्याचे आणि तिमाहीचे उद्दिष्ट दिलेले असते, ते गाठले तर वरचा मोबदला, नाहीतर नाही. कंपनी स्वतःची विक्री मोजते ती विक्रेत्याला पाठवलेल्या गाड्यांवरून, ग्राहकाने नेलेल्या गाड्यांवरून नव्हे. म्हणून सणाच्या आधी गाड्या ढकलल्या जातात. २०२४ च्या सणांच्या तोंडावर विक्रेत्यांच्या संघटनेनेच जाहीर केले होते की आवारात ८० ते ८५ दिवस पुरेल इतका साठा पडून आहे. निम्मा आकडाही डोकेदुखी ठरला असता. त्या साली भरघोस सवलती निघाल्या यात नवल ते काय?

यातून एक गमतीची गोष्ट निघते. साडेतीन मुहूर्तांतला दसरा हा भाव पाडायला सगळ्यांत वाईट दिवस. त्या दिवशी गिऱ्हाईक आपण होऊन येते, पेढे आणि हार घेऊन येते, आणि पेढे हातात असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. भाव करायचा तो पितृपंधरवड्यात. शोरूम ओस असते, विक्रेत्याचा महिना संपत आलेला असतो, आणि माशा मारत बसलेला मॅनेजर स्वतः चहा विचारतो. बोलणे तेव्हा करावे, लिहून घ्यावे, गाडी खुशाल दसऱ्याला न्यावी. पितर रागावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी वेळ डिसेंबरअखेरची. १ जानेवारी उजाडला की आवारातली गाडी एका रात्रीत ‘गेल्या सालची’ होते, आणि पुढे विकताना ते साल आडवे येते. तेव्हा सूट मोठी असते, पण गाडी चार-पाच वर्षांत विकणाऱ्याने हिशेब करूनच ती घ्यावी. दहा-बारा वर्षे वापरणाऱ्याला ती फायद्याचीच. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे विचारायला मात्र लाजू नये. अमेरिकेतही वर्षअखेरची ही घाई जुनीच आहे. तिथे भावातली लबाडी इतकी वाढली की ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी १९५८ मध्ये कायदा करून घेतला : प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची सुचवलेली किंमत आणि प्रत्येक जादा वस्तूचा दर चिकटवायचा. त्या चिठ्ठीला तिथे अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे दहा रुपयांच्या साबणावर किंमत छापलेली असते, दहा लाखांच्या गाडीच्या काचेवर नसते.

म्हणूनच आपल्याकडची खरी घासाघीस ‘एक्स-शोरूम’ आणि ‘ऑन-रोड’ या दोन आकड्यांच्या मध्ये असते. (ऑन हा शब्द पुन्हा आला, हे माझ्या लक्षात आलेले आहे.) वर पन्नास हजारांची सूट दिसते. खाली विमा, जोडसामान, जादा हमी, हाताळणीचा खर्च अशा ओळी असतात. सूट एका हाताने दिली जाते आणि या ओळींतून दुसऱ्या हाताने परत घेतली जाते. विमा विक्रेत्याकडूनच घ्यायला हवा असे बंधन नाही, बाहेरचा दर आणून समोर ठेवला की तो आकडा हलतो. हाताळणीचा खर्च कशाचा, आणि त्याची वेगळी पावती देणार का, एवढे विचारले की ती ओळ बहुधा गळून पडते. कर्ज तिथूनच काढायचा आग्रह झाला तर समजावे की बँक विक्रेत्यालाही काही देते. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतो आहे.

इतके ठाऊक असलेला माणूस २०१६ च्या दसऱ्याआधी मुलीबरोबर गाडी घ्यायला गेला तेव्हा काय झाले ते सांगतो. समोर विशीतला एक मुलगा होता, नवा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी दुसऱ्या शोरूमचे कोटेशन काढले, विम्याचा दर काढला, जुनी सगळी अस्त्रे बाहेर काढली. तो एकच वाक्य म्हणत राहिला, ‘साहेब, वरून परवानगी नाही.’ मी त्याला मॅनेजरसमोर दोन शब्द सुनावले. निघताना तो दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, ‘साहेब, तुम्ही खरंच गाडी घेणार आहात ना?’ मला तो उद्धटपणा वाटला. मी गाडी दुसरीकडे घेतली.

पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला, ती बातमी वाचली. प्रकरण एका निनावी ई-मेलवरून सुरू झाले होते आणि तक्रार आपल्याच भागातली होती : मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा. आयोगाच्या म्हणण्यानुसार कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट द्यायला विक्रेत्यांना मनाई होती. ती पाळली जाते की नाही हे बघायला संस्था नेमून बनावट ग्राहक शोरूममध्ये पाठवले जात. ते ध्वनिमुद्रण, चित्रीकरण करून आणत. सूट दिलेली सापडली तर विक्रेत्याला खुलासा मागायचा आणि दंड करायचा. तो विक्रेत्यालाच नव्हे, विक्री करणाऱ्या पोराला, त्याच्या टीम लीडरलासुद्धा. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले. मी गेलो होतो ती शोरूम कोणत्या कंपनीची, हे सांगत नाही, आणि तिथे असेच चालत होते असेही म्हणत नाही. पण ती बातमी वाचली आणि त्या पोराचा प्रश्न आठवला. मी खोटा ग्राहक तर नाही ना, एवढेच कदाचित त्याला विचारायचे होते. मी मात्र त्याची तक्रार करून आलो होतो.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, बाजाराने आणखी एक नवा प्रकार पाहिला. १५ ऑगस्टला करकपातीचे सूतोवाच झाले आणि लोकांनी खरेदी थांबवली. शोरूम गणपतीतही रिकाम्या. मग २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, लहान गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा उपकरही गेला. एरवी आयुष्यात घासाघीस न केलेल्या माणसालाही त्या दिवशी भाव उतरून मिळाला.

माझ्या भाच्याने त्या नवरात्रात गाडी घेतली. कोटेशन घेऊन तो माझ्याकडे आला, मी पेन्सिल घेऊन बसलो आणि तीन ओळी खोडल्या. बहीण शेजारी भाजी निवडत बसली होती. भाच्याने सहज विचारले, ‘मामा, आजोबांनी त्यांच्या फियाटच्या वेळी किती कमी करून घेतले होते?’

मी म्हणालो, ‘कमी नाही. त्यांना जास्त मिळाले.’ आणि मग सांगून टाकले, ऑन म्हणजे काय ते, सात हजारांचा आकडा, लग्नाचा हॉल, मंगळसूत्र. चोपन्न वर्षांत हे बहिणीसमोर मी पहिल्यांदाच बोलत होतो. तिने मान वर केली नाही. भाजीची देठे गोळा करत म्हणाली, ‘ठाऊक आहे मला. त्या फेरीत गाडीत बाबा बसलेच नव्हते.’