आब्राथो: मिठीत कोण, मिठीबाहेर कोण?

माद्रिदच्या टीमबरोबर काम सुरू झालं, तेव्हा मी स्पॅनिश शिकायला घेतली. तिकडून येणाऱ्या मेलखाली सुरुवातीला 'सालुदोस' असायचं, म्हणजे नमस्कार. मग एका रात्री सर्व्हर पडला. दोन्हीकडच्या लोकांनी जागून पहाटे तो उभा केला. दुसऱ्या दिवशी मेलखाली लिहिलं होतं, 'उन आब्राथो'. एक मिठी!

शब्द फोडला की आत 'ब्राथो' सापडतो. ब्राथो म्हणजे हात, बाहू. मूळ लॅटिन 'ब्राकियुम'. याच मुळातून आलेल्या फ्रेंच 'आंब्रासे'चा अर्थ पुढे चुंबन घेणं असा झाला. स्पॅनिश शब्द मात्र हातातच राहिला, आपल्या 'कवेत घेणं'सारखा.

पण स्पेनमध्ये ही मिठी फक्त मायेची नाही. तिथे एका तहाचंच नाव 'बेर्गाराची मिठी' आहे.

१८३३ साली राजा सातवा फेर्नांदो वारला. गादीवर त्याची लहानगी मुलगी इसाबेल बसणार की भाऊ कार्लोस, यावरून यादवी पेटली आणि ती वर्षानुवर्षं चालली. अखेर ३१ ऑगस्ट १८३९ रोजी बास्क प्रदेशातल्या बेर्गारा गावी इसाबेलचा सेनापती एस्पार्तेरो आणि कार्लोसचा सेनापती मारोतो यांनी आपापल्या फौजांसमोर एकमेकांना मिठी मारली. कार्लोसच्या अधिकाऱ्यांचे हुद्दे कायम राहणार होते. बास्क लोकांच्या जुन्या हक्कांची शिफारस संसदेकडे करण्याचं वचनही होतं.

त्या मिठीत कार्लोस मात्र नव्हता. थोड्याच दिवसांत तो सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेला. त्याच्या निष्ठावंतांनी या प्रसंगाला 'बेर्गाराचा विश्वासघात' म्हटलं. त्याच्या वारसांच्या नावाने पुढेही युद्धं झाली.

यानंतरची प्रसिद्ध मिठी चित्रातली आहे. हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये गेला. १९७६ मध्ये हुआन खेनोवेस या चित्रकाराने 'एल आब्राथो' रंगवलं. त्यात हात पसरून एकमेकांना बिलगणारी माणसं आहेत, बहुतेक आपल्याकडे पाठ करून. राजकैद्यांच्या सुटकेच्या मागणीसाठी या चित्राचं पोस्टर निघालं आणि खेनोवेसला अटक झाली. २४ जानेवारी १९७७ रोजी माद्रिदच्या आतोचा रस्त्यावर, कामगारांचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या कचेरीत अतिउजव्या बंदूकधाऱ्यांनी पाच जणांना ठार केलं. आज जवळच्या चौकात त्यांचं स्मारक आहे. खेनोवेसच्याच हातची, त्याच चित्रातली मिठी.

ऑक्टोबर १९७७ मध्ये माफीचा कायदा झाला. विरोधक सुटले. पण त्याच कायद्याने राजवटीच्या अधिकाऱ्यांचे गुन्हेही झाकले गेले. ज्यांची माणसं फ्रँकोच्या काळात मारून अनाम खड्ड्यांत पुरली होती, त्या घरांना न्यायालयाचं दार बंद झालं. मिठी सगळ्या देशाची होती, पण ती मारायची की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून हा शब्द मला अर्थापेक्षा प्रश्नासकट लक्षात राहिला आहे: कवेत कोण आलं आणि बाहेर कोण उरलं?

त्या मेलला उत्तर लिहिताना मी जरा थांबलो. रात्रभर जागलेल्यांपैकी एकाचं नाव मेलमध्ये राहून गेलं होतं. ते घातलं, आणि मग खाली लिहिलं: उन आब्राथो.