वेब दुव्यातील होस्टनेम व पत्त्याची पडताळणी

वेब दुव्यात (यूआरएलमध्ये) दिलेले होस्टनेम किंवा आयपी पत्ता नियमाला धरून आहे का, तो कोणत्या यंत्रापर्यंत नेतो आणि तिथे जाण्याची प्रोग्रॅमला मुभा असावी का, हे कोड लिहून तपासण्याची प्रक्रिया. हे तीन वेगळे प्रश्न आहेत. नोंदणी अर्जात वेबसाइटचा पत्ता भरून घेणाऱ्याला पहिला पुरतो. वापरकर्त्याने दिलेल्या दुव्यावरून चित्र किंवा मजकूर आणणाऱ्या सर्व्हरला तिन्ही सोडवावे लागतात. व्यवहारात दिसणारा बराचसा कोड पहिल्याच प्रश्नावर थांबतो आणि तिन्हींची उत्तरे मिळाली असे धरून पुढे जातो.

रचना व नियम : दुव्याच्या लेखनाचे नियम डिसेंबर १९९४ मध्ये आरएफसी १७३८ या दस्तऐवजाने घालून दिले. टिम बर्नर्स-ली हे त्याच्या लेखकांपैकी एक होते. सध्याचा सर्वसाधारण नियम जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ चा आहे. ब्राउझर मात्र डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या गटाच्या, सतत सुधारल्या जाणाऱ्या यूआरएल मानकाप्रमाणे चालतात. दोन्ही नियमावल्या बहुतेक दुवे सारखेच वाचतात, पण जिथे वाचत नाहीत तिथे घात होतो. होस्टच्या आधी वापरकर्त्याचे नाव आणि @ हे चिन्ह लिहिण्याची जुनी सोय आहे, म्हणून ‘एचटीटीपीएस://बँक.टेस्ट@ठक.टेस्ट’ हा दुवा बँकेकडे नव्हे, ठकाकडे जातो. आता ‘एचटीटीपीएस://ठक.टेस्ट\@बँक.टेस्ट’ हा दुवा पाहावा. ब्राउझर उलट्या तिरक्या रेघेला सरळ रेघच मानतो, त्यामुळे त्याच्या लेखी होस्ट ‘ठक.टेस्ट’ आहे. आरएफसी ३९८६ प्रमाणे तोडणारी लायब्ररी @ च्या पुढचे ‘बँक.टेस्ट’ होस्ट समजते. तपासणी एका पार्सरने (दुव्याचे तुकडे करणाऱ्या कोडने) केली आणि जोडणी दुसऱ्याने केली, तर तपासणी झाली नाही असेच म्हणावे लागते. तैवानचे सुरक्षा संशोधक ऑरेंज त्साई यांनी २०१७ च्या ब्लॅक हॅट परिषदेत वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या पार्सरांमधील अशा विसंगतींची मालिकाच मांडली होती.

नावाचे नियम : होस्टनेममध्ये रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते. ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५२ नुसार पहिले चिन्ह अक्षरच असणे आवश्यक होते. १९८९ च्या आरएफसी ११२३ ने तिथे अंकालाही परवानगी दिली. दोन टिंबांमधला प्रत्येक भाग जास्तीत जास्त ६३ चिन्हांचा, संपूर्ण नाव २५३ चिन्हांचे. भागाच्या आरंभी व शेवटी जोडरेघ चालत नाही. लहान-मोठ्या अक्षरांत भेद नाही. अधोरेखाचिन्ह (_) डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदींत सर्रास असते, पण होस्टनेममध्ये नियमबाह्य आहे; तरीही अशी नावे प्रत्यक्षात भेटतात आणि जावाचा ‘यूआरआय’ वर्ग त्यांच्यासाठी होस्ट म्हणून रिकामे उत्तर देतो. नावाच्या अगदी शेवटी एक टिंब असणे चूक नाही. ते डीएनएसच्या मुळाचे चिन्ह आहे. तुलना करण्यापूर्वी ते काढले नाही, तर एकच होस्ट दोन वेगळे वाटतात.

शेवटच्या भागाबाबत (टॉप लेव्हल डोमेन) रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिणाऱ्यांनी फार अन्याय केला आहे. ‘दोन ते चार अक्षरे’ ही अट .म्यूझियमला वाट करून दिल्यापासून, म्हणजे २००१ पासून, कुचकामी व्हायला हवी होती. २०१३ नंतर .फोटोग्राफीसारखी शेकडो लांबलचक नावे आली, तरी ती अट जुन्या कोडमधून नव्या कोडमध्ये उतरवली जातच राहिली. देवनागरीतील .भारत ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले. डीएनएसला ठाऊक असलेल्या त्याच्या रूपात अक्षरांबरोबर अंक व जोडरेघाही आहेत, त्यामुळे ते अशा अटीत कधीच बसत नाही. शेवटच्या भागाच्या लांबीची अट घालूच नये.

अंकांतील पत्ते : आयपीव्ही४ पत्ता म्हणजे मुळात ३२ बिटांची एक संख्या. ० ते २५५ मधले चार आकडे टिंबांनी जोडणे ही ती लिहिण्याची केवळ एक रीत. युनिक्समधील जुने ‘आयनेट-एटन’ हे फंक्शन आणि आजचे ब्राउझर इतर रीतीही स्वीकारतात : १२७.०.०.१ हा स्वतःच्याच यंत्राचा पत्ता १२७.१, ०१७७.०.०.१ किंवा सरळ २१३०७०६४३३ असाही लिहिता येतो. ‘१२७ ने सुरू होणारे दुवे नाकारा’ असा नियम यांतील शेवटच्या दोन रूपांना अडवू शकत नाही. आरंभीचे शून्य तर विशेष उपद्रवी. ०१०.८.८.८ हा पत्ता कोणी दशमान समजून १०.८.८.८, म्हणजे खासगी जाळ्यातील, मानतो. कोणी अष्टमान समजून ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, मानतो. २०२१ मध्ये हा दोष एकापाठोपाठ एक अनेक ठिकाणी उघड झाला : नोडच्या दुनियेतील ‘नेटमास्क’ हे पॅकेज, पायथनचे ‘आयपीॲड्रेस’ मॉड्यूल, गो भाषेची प्रमाण लायब्ररी. पायथन ३.९.५ व गो १.१७ पासून आरंभीचे शून्य असलेले आकडे नाकारले जातात, आणि तेच योग्य.

या नोंदीत छापलेले देवनागरी अंकही निरुपद्रवी नाहीत. पायथन व डॉटनेट यांच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘कोणताही अंक’ दर्शवणारी ‘बॅकस्लॅश डी’ ही खूण देवनागरी अंकांनाही लागू पडते आणि पायथन ‘१२७’ या अक्षरमालेचे रूपांतर बिनबोभाट संख्येत करते. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. ब्राउझरच्या लेखी देवनागरीत लिहिलेला १२७.०.०.१ हा पत्ताच नव्हे. तो त्याला डोमेन नाव समजून सांकेतिक रूपात बदलतो. पायथनचे ‘आयपीॲड्रेस’ मॉड्यूल म्हणूनच इंग्रजीखेरीज इतर अंक मुद्दाम वगळते. याउलट जपानी मजकुरातले पूर्ण रुंदीचे अंक आणि जाडसर पूर्णविराम ब्राउझर साध्या अंकांत व टिंबांत बदलून घेतो, तेव्हा बदलापूर्वी केलेली तपासणी फुकट जाते.

आयपीव्ही६ पत्ता १२८ बिटांचा, चार षोडशमान चिन्हांच्या आठ गटांचा असतो. सलग शून्यगटांऐवजी जोड-विसर्गचिन्ह (::) एकदाच वापरता येते. विसर्गचिन्ह पोर्टसाठीही असल्याने दुव्यात हा पत्ता चौकटी कंसात लिहावा लागतो. एकाच पत्त्याची अनेक रूपे होतात म्हणून २०१० च्या आरएफसी ५९५२ ने एक प्रमाण रूप सुचवले. १२७.०.०.१ हाच पत्ता ‘::एफएफएफएफ:’ च्या पुढे ठेवून आयपीव्ही६ च्या वेशात येतो, हे तपासणी करणारे हमखास विसरतात.

रोमनेतर नावे : देवनागरी नाव डीएनएसमध्ये ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघा यांनी सुरू होणाऱ्या प्युनीकोड रूपात (आरएफसी ३४९२, मार्च २००३) साठवले जाते. पडताळणी या रूपावर करावी आणि ६३ ची मर्यादाही त्यालाच लावावी. मराठीपुरता एक पेच जाणून घेण्याजोगा आहे. ‘दऱ्या’ मधला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा ‘र’ व हलन्तानंतर न दिसणारे जोडचिन्ह (झीरो विड्थ जॉइनर) घालून. २००३ च्या नियमांनी हे जोडचिन्ह गाळून टाकले होते. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले ‘दऱ्या’ डीएनएसपर्यंत पोचताना ‘दर्या’ होई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी ते हलन्तानंतर ग्राह्य धरले. जुनी लायब्ररी वापरणारा प्रोग्रॅम आजही वेगळ्याच डोमेनवर जाऊ शकतो. सारखी दिसणारी अक्षरे वापरून फसवण्याचा धोका गॅब्रिलोविच व गॉन्टमाखर यांनी २००२ मध्येच दाखवला होता. २०१७ मध्ये एका संशोधकाने केवळ सिरिलिक अक्षरांनी ‘ॲपल’ लिहून दाखवल्यावर काही ब्राउझरांना आपले नियम कडक करावे लागले.

जाण्याची मुभा : नियमांत चोख बसणारा दुवाही घातक असतो. सर्व्हरला फूस लावून त्याच्याच आतल्या यंत्रांकडे विनंती पाठवायला लावणाऱ्या हल्ल्याला एसएसआरएफ म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या ॲमेझॉन क्लाउडवरील यंत्रणेतून १६९.२५४.१६९.२५४ या आतल्या पत्त्यावरची ओळखपत्रे अशाच वाटेने मिळवली गेली. सुमारे १० कोटी अमेरिकी व ६० लाख कॅनडावासीयांची माहिती बाहेर गेली. म्हणून नावावरून निर्णय न घेता डीएनएसने दिलेले सर्व पत्ते तपासावे लागतात : स्वयंयंत्राचे, १९९६ च्या आरएफसी १९१८ मधील खासगी (१०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे), १६९.२५४ चे स्थानिक, आणि त्यांचे आयपीव्ही६ अवतार. तपासणीच्या क्षणी सार्वजनिक पत्ता देणारे नाव पुढच्याच क्षणी १२७.०.०.१ देऊ शकते. यावर उपाय एकच : नाव एकदाच सोडवायचे, तपासायचे आणि जोडणी त्याच तपासलेल्या पत्त्याशी करायची. दुसरीकडे वळवणारे प्रत्येक उत्तर (रिडायरेक्ट) नवा दुवा समजून पुन्हा हेच सारे करायचे. शक्य असेल तिथे नाकारायच्या पत्त्यांच्या यादीपेक्षा परवानगीच्या होस्टची यादी बरी. पण त्यातही ‘शेवट बँक.टेस्ट ने होतो’ एवढे पाहणारा कोड ‘नकलीबँक.टेस्ट’ ला आत घेतो.

साधने : पायथनचे ‘यूआरएलपार्स’ दुव्याचे तुकडे करते, पडताळणी करत नाही, असे त्याच्या दस्तऐवजातच म्हटले आहे. पीएचपीचा यूआरएल फिल्टर रोमनेतर नावे नाकारतो. जावाच्या ‘यूआरएल’ वर्गातील समानता तपासणारे फंक्शन चक्क डीएनएसला विचारते आणि एकाच पत्त्यावरील दोन भिन्न साइट एकच मानू शकते; ते वापरू नये. चाचण्यांसाठी खऱ्या डोमेनची गरज नाही. जून १९९९ च्या आरएफसी २६०६ ने .टेस्ट, .एक्झाम्पल, .इनव्हॅलिड व .लोकलहोस्ट ही नावे राखून ठेवली आहेत आणि २०१० च्या आरएफसी ५७३७ ने १९२.०.२, १९८.५१.१०० व २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठी वेगळे काढले आहेत.