ड्रिलचा तास

1882 साली नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगाच्या पुष्कळ शिफारशींत एक लहानशी शिफारस मुलांच्या शरीरासंबंधी होती. देशी खेळ, जिम्नॅस्टिक, शाळेतील कवायत आणि त्या त्या दर्जाच्या शाळेला मानवतील असे इतर व्यायाम यांना उत्तेजन देऊन मुलांची शारीरिक वाढ साधावी, असा तिचा आशय. वाक्य साधे आहे. परंतु त्यातला ‘आधी देशी खेळ आणि मग कवायत’ हा क्रम आपल्या हायस्कुलांनी उलटा करून टाकला, आणि त्याचे कारण शिक्षणशास्त्रात शोधण्यापेक्षा शाळेच्या पगारपत्रकात शोधलेले बरे.

पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला हवालदार थोड्या पगारात मिळे. त्याला मैदानाखेरीज काही लागत नसे. शिकवायचे काय, हा प्रश्नही त्याला पडत नसे, कारण पलटणीत जे शिकला तेच तो शाळेत शिकवी. शिवाय पन्नास मुले एका रांगेत, एका हुकमावर हात वर करताना पाहिली, की तपासणीला आलेले साहेब खूष होत. उलट आखाड्यातला वस्ताद शाळेला झेपणारा नव्हता. त्याला तांबडी माती हवी, भल्या पहाटेची वेळ हवी, आणि एकेका शागिर्दाला हाताशी धरून तयार करायला वर्षे हवीत. पस्तीस मिनिटांच्या तासात, सदरा-टोपी घातलेल्या चाळीस पोरांना त्याने करायचे तरी काय? तेव्हा वस्ताद तालमीतच राहिला आणि शाळेत ‘ड्रिलमास्तर’ आला. त्याचे आणि इतर मास्तरांचे नाते काय होते, हे जुन्या शाळांत शिकलेल्यांना सांगायला नको. तो मास्तर म्हणवला जाई एवढेच. मास्तरांच्या खोलीत त्याची खुर्ची बहुधा दाराजवळ असे.

टिळकांनी डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि त्यापायी परीक्षेचे वर्ष गमावले, ही हकीगत सर्वांच्या तोंडी आहे. तिच्यातून आपण त्यांचा निग्रह तेवढा उचलतो. पण त्याच हकीगतीत दुसरेही एक आहे : 1873 साली पुण्यात हुशार मुलाला शरीर आणि अभ्यास या दोन गोष्टी एका वर्षात बसवता येत नव्हत्या. ज्याला निग्रह होता त्याने एक वर्ष दिले. ज्यांना तो नव्हता, ते पदव्या घेऊन आणि प्रकृती घालवून बाहेर पडले.

तालीम शाळेच्या तासात कशी बसवावी, या कोड्याचे पहिले धीट उत्तर एका संस्थानिकाने दिले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी प्रथम युरोपातल्या सँडोच्या पद्धतीचे भक्त होते. त्याची साधने आणवून त्यांनी सुमारे दहा वर्षे तो व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग जन्मभर त्यांनी दुसरे काही सांगितले नाही. हा राजा स्वतः नमस्कार घाली, घरच्यांना घालायला लावी, आणि त्याने आपल्या संस्थानातील शाळांतही नमस्कार सक्तीचे केले. सक्तीविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु नमस्काराला माती नको, मुद्गल नको, जोडीदार नको. सतरंजीएवढी जागा पुरे. तालमीतली एक गोष्ट प्रथमच शाळेच्या मापाची झाली.

दुसरे उत्तर बडोद्याहून आले. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली 1907 ते 1910 या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण शिकत होता. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. लोणावळ्याला 1924 साली त्यांनी कैवल्यधाम स्थापले, योगक्रियांच्या तपासासाठी क्ष-किरणांचा उपयोग केला, हे सर्वश्रुत आहे. त्याआधी ते खानदेशात अमळनेरला शिक्षणाचे काम करीत होते, ही गोष्ट मात्र मागे पडते. वर्ग म्हणजे काय, घंटा म्हणजे काय, मागच्या बाकावरचा पोरगा म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच आसनांसारखी एकान्तातली गोष्टही समूहाला कशी शिकवता येईल याचा विचार त्यांनी केला आणि सांघिक यौगिक व्यायामाची आखणी केली. बडोद्यातच आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. तालमीतली विद्या तोवर वस्तादाच्या तोंडी होती. ती कागदावर आल्याशिवाय शिक्षकाला शिकवता येणार नव्हती.

लेझमीचे उदाहरण घ्या. तालमीतली लेझीम हे वजनदार हत्यार होते : धनुष्यासारखा दांडा आणि दोरीच्या जागी लोखंडी साखळी. घटकाभर ती खेळली की दंड भरून येत. शाळेत आली ती आखूड, हलकी, चकत्यांच्या छुमछुमाटाची. मल्लांनी नाके मुरडली असतील. पण या हलक्या लेझमीने दोनशे मुलांना एका हलगीच्या ठेक्यावर वाकायला, बसायला, उठायला लावले, आणि कवायतीला जे साधले नव्हते ते साधले. मुलांना तो तास हवासा वाटू लागला.

तरी शिकवणाराचा प्रश्न उरलाच होता. 1937 साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्यांनी शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली व तिचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांना दिले. लागलीच, 1938 मध्ये, कांदिवलीला शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था उघडली. मद्रासला वाय. एम. सी. ए.चे हॅरी बक यांनी 1920 सालीच असे विद्यालय काढले होते, आणि अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर 1914 पासून काम करीत होते. परंतु सरकारने स्वतःच्या पैशाने पदवीधर माणसाला घ्यावे, त्याला शरीरशास्त्र आणि अध्यापन शिकवावे व हायस्कुलात इतरांच्या बरोबरीने बसवावे, ही गोष्ट आपल्याकडे नवी होती. कांदिवलीचे पी. एम. जोसेफ पुढे 1957 मध्ये ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. हवालदाराचा वारसा पदवीधराकडे आला, तो असा.

एक फट मात्र तशीच राहिली. आरोग्य हा विषय वर्गात, पुस्तकातून, बहुधा विज्ञानाच्या शिक्षकाकडे. व्यायाम मैदानात, शिट्टीवर. नखे कापावीत, पाणी उकळून प्यावे, हे मुलगा पाठ म्हणून दाखवी आणि मैदानावरून येताना हौदाला तोंड लावी. व्यायामाचे फायदे या विषयावर उत्तम निबंध लिहिणारी मुले तासाला डोके दुखते म्हणून झाडाखाली बसत. उपाशी आलेल्या मुलाला जोर काढायला लावू नये, एवढे साधे ज्ञान ज्याच्याकडे असायला हवे तो शिक्षक आणि ते ज्ञान लिहिलेले पुस्तक यांची गाठ शाळेत क्वचितच पडे.

स्वातंत्र्यानंतर ही फट बुजवण्याऐवजी दृष्टी पुन्हा शिस्तीकडे गेली. त्याला कारणेही तशीच होती. फाळणीने उखडलेल्या मुलांसाठी आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी 1954 मध्ये दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनात राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार गेलेल्या पोरांना रांग, गाणे आणि सोबती यांची गरज होती, आणि ती योजना तेथे शोभली. मग ती इतरत्र पसरली. एन. सी. सी. 1948 पासून होतीच. एकाच मैदानावर इतक्या योजना नांदू लागल्या, की 1959 मध्ये त्यांचा मेळ घालण्यासाठी पंडित हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमावी लागली. तिच्या सल्ल्यावरून 1965 साली राष्ट्रीय सुदृढता दल निघाले. नाव सुदृढतेचे होते खरे. परंतु 1962 चे युद्ध होऊन गेले होते, आणि मुलाच्या छातीचे माप घेताना त्या काळी प्रत्येकाच्या मनात सरहद्द होती. हवालदार गेला होता, पण त्याची शिट्टी गेली नव्हती. आमच्या मराठी शाळांतून ‘दहिने मूड’, ‘पीछे मूड’ हे हुकूम हिंदीतच राहिले, हेही त्याच घराण्यातले.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आरोग्य, योग आणि शारीरिक शिक्षण यांची एकत्र मोट बांधली. शाळेतले जेवण आणि वैद्यकीय तपासणीही तीत धरली. अमळनेरच्या शिक्षकाला हे वाचून समाधान वाटले असते. प्रत्यक्षात शाळेतले जेवण आठवीपर्यंत मिळते, आणि मुलाची उंची झपाट्याने वाढते ती नववी-दहावीत. दहावीच्या गुणपत्रिकेत आरोग्य व शारीरिक शिक्षणाला श्रेणी असते, पण एकूण गुणांत ती धरत नाहीत. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपली, की पुष्कळ शाळांत गणिताचे शिक्षक शारीरिक शिक्षकाकडे येतात, आणि तासाची मागणी करतात. शारीरिक शिक्षक तास देतो. तो देणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असते.