जबड्याचे कुलूप आणि लोकांचा संताप

28 जून 2021 रोजी न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने ट्विटरवर एका नव्या साधनाची माहिती दिली. वरच्या आणि खालच्या दाढांवर बसवायचे दोन भाग, त्यांत चुंबक, आणि तोंड जेमतेम 2 मिलिमीटर उघडेल इतकीच मोकळीक. श्वास चालावा, बोलता यावे, पण घास आत जाऊ नये, अशी ही रचना होती. लठ्ठपणाच्या जागतिक साथीशी लढणारे जगातले पहिले साधन, अशी त्याची ओळख करून देण्यात आली. पाठोपाठ जगभरातून संतापाचा लोंढा आला. अनेकांना मध्ययुगातली छळाची हत्यारे आठवली. जाड माणसांना उघडउघड शिक्षा करण्याचा हा प्रकार आहे, असे लोकांनी लिहिले. अखेर विद्यापीठाला खुलासा करावा लागला की हे झटपट बारीक होण्याचे साधन नाही. शस्त्रक्रियेआधी ज्यांना वजन उतरवणे भाग आहे, त्यांच्यासाठी ते दोन-तीन आठवड्यांपुरते आहे. ज्या अभ्यासाच्या आधारावर ही घोषणा झाली, त्यात सात जण होते. दोन आठवडे पातळ आहारावर राहून त्यांचे वजन सरासरी 6.36 किलो घटले. वितळवलेले चॉकलेट आणि फसफसणारी शीतपेये आपण घेतली, अशी कबुली त्यांच्यातल्या एकाने दिली होती.

हा संताप रास्त होता, असे माझे मत आहे. मात्र वजन उतरवण्याच्या साधनांचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. लोक चिडतात ते साधन डोळ्यांना कसे दिसते त्यावरून. त्याने इजा किती होते, हे तपासून नव्हे. जी साधने सौम्य, सुबक आणि घरगुती वाटली, ती कितीतरी अधिक शरीरांपर्यंत पोचली आणि बराच काळ बिनबोभाट विकली गेली.

अमेरिकेतले रिलॅक्सासायझर हे त्याचे ठळक उदाहरण. 1949 पासून विकले जाणारे हे यंत्र विजेच्या छोट्या झटक्यांनी स्नायू आकुंचित करी. अंगावर गाद्या बांधायच्या, बटण फिरवायचे आणि पडून राहायचे. कष्ट न करता कंबर बारीक होईल, असा दावा होता. सुमारे 4 लाख यंत्रे विकली गेली. गिऱ्हाईक बहुतेक घर सांभाळणाऱ्या स्त्रिया होत्या. अखेर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात नेले. हर्निया, अल्सर, अपस्मार असलेल्यांना या झटक्यांनी अपाय होऊ शकतो, गर्भपातही होऊ शकतो, हे तिथे मांडले गेले आणि 1970 मध्ये विक्रीवर बंदी आली. तोवर वीस वर्षे उलटली होती. वैद्यकीय उपकरण बाजारात येण्याआधी त्याची तपासणी करण्याचा अधिकार या प्रशासनाला 1976 च्या कायद्याने मिळाला. त्याआधी यंत्र विकले जाई, लोकांना त्रास होई आणि मग सरकारने तो सिद्ध करायचा, असा उलटा क्रम होता.

कायदा आल्यावर तरी चित्र पालटले का? सप्टेंबर 1985 मध्ये याच प्रशासनाने जठरात ठेवायच्या एका फुग्याला मंजुरी दिली. गॅरेन-एडवर्ड्स या नावाचा हा पॉलियुरेथेनचा फुगा तोंडावाटे आत सोडून हवेने भरत आणि काही महिने तिथेच ठेवत. जठर भरलेले राहील, भूक लागणार नाही, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता. चिरफाड नाही, बाहेरून काही दिसत नाही. साहजिकच मागणी वाढली आणि हजारो लोकांनी तो बसवून घेतला. पुढे काही रुग्णांच्या पोटात खरा फुगा ठेवून, तर काहींच्या बाबतीत नुसता बसवल्याचा देखावा करून तुलना झाली. आहार आणि सवयी बदलून जे साधते, त्यापलीकडे फुग्याने काहीच साधत नव्हते. उलट जठराच्या अस्तराला जखमा होत होत्या, आणि फुगा मध्येच फुसका होऊन आतड्यात अडकत होता. 1988 पर्यंत त्याची विक्री थांबली. नव्या पिढीचे फुगे अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाले, आणि ऑगस्ट 2017 मध्ये प्रशासनाला डॉक्टरांना कळवावे लागले की फुगा बसवल्यापासून महिनाभराच्या आत पाच रुग्ण दगावले आहेत. फुगाच या मृत्यूंना कारण होता, असे प्रशासनाने म्हटले नव्हते. पण कुलपावर तुटून पडलेल्या संतापाचा शंभरावा हिस्साही इथे दिसला नाही.

जबडा बंद करण्याची कल्पना ओटागोत जन्मली नव्हती, आणि तिचा खरा धडा मागच्याच इतिहासात आहे. 1970 च्या दशकात ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातले डॉक्टर अतिलठ्ठ रुग्णांचे जबडे दातांना तारा बांधून महिनोन्‌महिने बंद ठेवत होते. रुग्ण दूध आणि पातळ पदार्थांवर राहत आणि वजन खरोखर उतरे, कधीकधी आतड्याच्या शस्त्रक्रियेइतके. त्याची किंमतही मोठी होती. उलटी झाली तर गुदमरण्याचा धोका, हिरड्यांचे आजार, तारा निघाल्यावरही नीट न उघडणारा जबडा. काहींचे मानसिक स्वास्थ्यही ढळले. आणि तारा काढल्यावर वजन पुन्हा चढू लागे. ब्रिटनमधले लठ्ठपणाचे नामवंत अभ्यासक जॉन गॅरो यांनी यावर शोधलेला उपाय विचार करायला लावणारा आहे. वजन उतरलेल्या रुग्णांच्या कमरेला त्यांनी नायलॉनची दोरी कायमची बांधली. वजन वाढले की दोरी काचेल आणि माणूस आवरते घेईल. 1981 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी लिहिले की दोरी बांधलेल्यांचे वजन इतरांपेक्षा बरेच कमी परतले. गॅरो प्रामाणिक आणि काटेकोर संशोधक होते, निष्कर्षही खरा होता. पण एक साधन निघाले की शरीर मूळपदावर येते, हे ढळढळीत दिसत असताना त्यावर दुसरे साधन चढवले गेले. शरीर परत का फिरते, हा प्रश्न तेव्हा मागेच राहिला.

इथे डॉक्टरांच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. डायलिसिस पाहायला सुखद नसते, मलविसर्जनासाठी पोटाला लावलेली पिशवीही नसते. आपण त्यांना क्रूर म्हणत नाही. मग लठ्ठ रुग्णाच्या इलाजालाच किळस का आडवी यावी? हे मला मान्य आहे. 2016 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या अस्पायरअसिस्टबाबत लोकांनी अन्यायही केला असावा. पोटाला छिद्र पाडून बसवलेल्या नळीतून, जेवणानंतर वीस-तीस मिनिटांनी जठरातले काही अन्न बाहेर काढून टाकायचे, असे ते साधन. खाऊन ओकण्याच्या आजारालाच वैद्यकाने मान्यता दिली, अशी टीका झाली. प्रत्यक्षात 171 रुग्णांच्या चाचणीत नळी असलेल्यांचे वजन वर्षभरात सरासरी 12.1 टक्के घटले, नुसता सल्ला मिळालेल्यांचे 3.6 टक्के. 2022 मध्ये ते बाजारातून गेले. कुलपापेक्षा त्याच्या पाठीशी कितीतरी भक्कम पुरावा होता.

तरीही कुलपाची तुलना डायलिसिसशी होत नाही. डायलिसिस निकामी मूत्रपिंडाचे काम करते. कुलूप कोणत्याही निकामी अवयवाचे काम करत नाही. ते धडधाकट तोंड बंद करते, कारण दोष माणसाच्या हावरेपणात आहे असे त्यात गृहीत आहे. रुग्ण राजीखुशीने तयार होतात, हा दुसरा बचाव मला पुरेसा वाटत नाही. आयुष्यभर टोमणे खाल्लेला माणूस शिक्षेलाही उपचार मानून होकार देतो, आणि तो होकार घेणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते. 2021 साली ज्यांनी आवाज उठवला, त्यांत स्वतः जाड असलेली माणसे पुष्कळ होती. त्यांना नेमके हेच खुपले होते.

त्याच जून महिन्यात, कुलपाच्या बातमीच्या साडेतीन आठवडे आधी, अमेरिकेत सेमाग्लुटाइड हे औषध वजन घटवण्यासाठी मंजूर झाले होते. आठवड्याला एक इंजेक्शन. 68 आठवड्यांत सरासरी जवळपास 15 टक्के वजन कमी. ते काम करते भुकेच्या आणि तृप्तीच्या संदेशांवर. गॅरोंच्या रुग्णांचे वजन तारा निघताच का परतत होते, याचे उत्तर शोधायची दिशाही त्यातून स्पष्ट होते. या औषधाची चाचणी संपल्यावर ज्यांचे इंजेक्शन बंद झाले, त्यांनी पुढच्या वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश वजन परत मिळवले.